कॅटलोनिया: किनारा, जुनी शहरं आणि डोंगरातले मठ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बारा वर्षं झाली, बार्सिलोनाजवळ राहते आहे. शाळांना सुट्ट्या लागायची वेळ आली की फोनवर प्रश्नांची रांग लागते. पुण्याहून, डोंबिवलीहून, लंडनच्या चुलतभावाकडून आणि त्याच्या मित्राच्या सासूबाईंकडूनही. प्रश्न तेच ते, म्हणून एकदाचे लिहून काढले. बार्सिलोना शहराबद्दल इथे जवळजवळ काही नाही. साग्रादा फामिलियाचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, एवढं सांगून मी शहराबाहेर पडते.

१. कॅटलोनिया म्हणजे स्पेनच ना? की वेगळा देश?

स्पेनच. स्पेनमधला एक स्वायत्त प्रदेश. बार्सिलोना, जिरोना, तारागोना आणि ल्येइदा हे त्याचे चार प्रांत. भाषा मात्र वेगळी आहे, कॅटलान. ती स्पॅनिशची बोली नाही, आणि कोणाच्या तोंडावर तसं म्हणूही नका. कोकणीला मराठीची बोली म्हटल्यावर पणजीत काय होतं ते आठवा. स्पॅनिश सगळ्यांना येते, त्यामुळे अडत काही नाही. पण दुकानात शिरताना ‘बोन दिया’ आणि निघताना ‘मेर्सी’ म्हटलंत की समोरचा चेहरा खुलतो. पाट्यांवरचे तीन शब्द पाठ करून या: ‘सोर्तिदा’ म्हणजे बाहेर जायचा रस्ता, ‘तांकात’ म्हणजे बंद, ‘ओबेर्त’ म्हणजे उघडं.

२. व्हिसा कोणता लागतो?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा. एकाच सहलीत फ्रान्स किंवा इटलीही असेल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्रौढांसाठी फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, त्याहून लहानांना नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचं आरोग्यकवच असलेला प्रवासविमा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. ती पंधरा दिवसांची मुदत कागदावरची समजा. एप्रिल-मेमध्ये निघणार असाल तर जानेवारीतच अपॉइंटमेंट शोधायला लागा. शेजारचा चिमुकला देश अँडोरा बघायचा विचार असेल तर अर्ज भरण्याआधी प्रश्न १५ वाचा.

३. किती दिवस काढावेत? मुक्काम कुठे करावा?

बार्सिलोना सोडून निदान सहा रात्री. बहुतेक जण सगळे दिवस बार्सिलोनातच खोली घेतात आणि रोज सकाळी धावत गाडी पकडतात. मला विचाराल तर चार रात्री जिरोनात आणि दोन तारागोनात राहा. जिरोनाहून फिगेरेस आणि उत्तरेचा सगळा किनारा हाताशी येतो, तर तारागोनाहून रोमन अवशेष आणि पोब्लेतचा मठ. आणि हो, रोज दोन गावं हा हिशेब सोडून द्या. नकाशावर अंतरं चिमूटभर दिसतात, पण इथला दिवस कसा कापला जातो ते प्रश्न १२ मध्ये कळेल.

४. कोणता महिना चांगला?

मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर. मे आपल्या सुट्ट्यांना जुळतो, फक्त समुद्र तेव्हा गार असतो; पाय बुडवाल, अंग नाही. पोहायचं असेल तर जूनअखेर ते सप्टेंबर. ऑगस्टमध्ये अर्धं युरोप किनाऱ्यावर असतं, खोल्यांचे भाव चढतात आणि शहरातली बरीच छोटी हॉटेलं मालक सुट्टीवर गेल्यामुळे बंद असतात.

मेमध्ये जिरोनात ‘तेम्प्स दे फ्लोर्स’ हा फुलांचा उत्सव असतो. एरवी बंद असणारी अंगणं आणि चौक तेव्हा उघडतात. बघण्यासारखा आहे, पण त्या दिवसांत खोली मिळणं कठीण. २३ एप्रिलला सांत जोर्दीचा दिवस येतो: रस्तोरस्ती पुस्तकं आणि गुलाब. तेव्हा इथे असाल तर त्या दिवशी मठबिठ काही ठेवू नका, नुसते रस्त्यावर फिरा. उत्तर टोकाला, कादाकेसच्या बाजूला, त्रामुंताना नावाचा उत्तरेचा वारा कधीकधी दिवसेंदिवस वाहतो. तेव्हा आकाश काचेसारखं स्वच्छ असतं, आणि डोक्यावर टोपी टिकत नाही.

५. गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने भागतं?

शहरं आणि मोंसेरात हा डोंगरावरचा मठ रेल्वेने. उत्तरेचा किनारा आणि लांबचे मठ गाडीने. सिजेस बार्सिलोनाहून लोकलने चाळीसेक मिनिटांवर आहे. जिरोना वेगवान गाडीने चाळीस मिनिटांच्या आत. पण कोस्ता ब्रावाची, म्हणजे या उत्तरेच्या किनाऱ्याची, सुंदर गावं (तोसा, बेगुर, कादाकेस) यांना रेल्वेच नाही. तिथे बस किंवा स्वतःची गाडी.

रेल्वेत दोन खड्डे आहेत आणि दर वर्षी कोणीतरी त्यांत पडतंच. पहिला: ‘कांप दे तारागोना’ हे वेगवान गाड्यांचं स्थानक शहरापासून दहाएक किलोमीटरवर, माळावर आहे. माझी नणंद तिथे उतरली आणि समुद्र कुठल्या दिशेला म्हणून विचारत बसली. जुन्या शहरात जायचं तर साध्या प्रादेशिक गाडीने नुसत्या ‘तारागोना’ला उतरा, ते स्थानक समुद्राला लागून आहे. दुसरा: वेगवान गाडी ‘फिगेरेस-विलाफांत’ला थांबते, साधी गाडी ‘फिगेरेस’ला. चित्रकार दालीचं संग्रहालय दुसऱ्यापासून जवळ. जिरोनात ही भानगड नाही, दोन्ही गाड्या एकाच ठिकाणी येतात.

गाडी घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. वाहतूक उजव्या बाजूने. न सांगता मिळते ती गिअरची गाडी. ऑटोमॅटिक हवी तर आधीच सांगा. आपी-७ हा मुख्य महामार्ग सप्टेंबर २०२१ पासून टोलमुक्त आहे, पण बार्सिलोनाहून सिजेसकडे जाणाऱ्या सी-३२ वर अजून टोल लागतो. घाई नसेल तर समुद्राच्या कडेने गाराफचा जुना घाटरस्ता घ्या. वळणं खंडाळ्याची, आणि खाली दरीऐवजी समुद्र.

६. मोंसेरातला दात्यांची रेल्वे घ्यावी की रोपवे?

हे बार्सिलोनातच ठरवावं लागतं, कारण दोन्हींसाठी वेगवेगळ्या स्थानकांवर उतरायचं असतं. प्लासा एस्पान्याहून आर-५ गाडी सुटते, सुमारे तासाभराचा प्रवास. रोपवेसाठी ‘आएरी दे मोंसेरात’ला उतरायचं, दात्यांच्या रेल्वेसाठी (रुळांमधल्या दात्यांना धरून ती चढ चढते) त्याच्या पुढच्या ‘मोनिस्त्रोल दे मोंसेरात’ला. जोडतिकीटही त्यानुसारच मिळतं, वर गेल्यावर बदलता येत नाही.

रोपवे १९३० पासूनचा आहे. पाच मिनिटांत वर नेतो, पिवळी पेटी कड्याला घासून जातेय असं वाटतं. उंचीची भीती असेल किंवा सोबत आजी-आजोबा असतील तर रेल्वे घ्या. ती सावकाश, बसायला नीट आणि वाऱ्यामुळे बंद पडत नाही. गर्दीच्या पुढे राहायचं तर पहिल्या एक-दोन गाड्यांपैकी एक पकडा.

७. वर नेमकं काय आहे? दिवसभर पुरेल का?

पुरेल, पण इमारतीच्या भरवशावर जाऊ नका. बेनेडिक्टाइन मठाची स्थापना १०२५ च्या सुमारास रिपोलचा मठाधिपती ओलिबा याने केली. नेपोलियनच्या सैन्याने १८११-१२ मध्ये तो उद्ध्वस्त केला, त्यामुळे आज दिसतं त्यातलं बरंचसं नंतरचं बांधकाम आहे. खरा जुना आहे तो डोंगर. मोंसेरात म्हणजे करवतीसारखा डोंगर. गोटे-वाळू घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे गोलसर सुळके बोटांसारखे उभे आहेत. सर्वांत उंच सांत जेरोनी, १,२३६ मीटर. सांत जोआनच्या फ्युनिक्युलरने, म्हणजे तारेने ओढल्या जाणाऱ्या डब्याने, वर जाऊन तिथून चालत गेलात तर पाऊण गर्दी मागे राहते.

आता देवीबद्दल. लाकडी मूर्ती बाराव्या शतकातली आहे आणि रंगाने काळी. लोक तिला प्रेमाने ‘मोरेनेता’ म्हणतात, म्हणजे सावळी. हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मूर्ती काचेआड आहे, फक्त तिच्या उजव्या हातातला गोळा काचेबाहेर ठेवला आहे. रांगेतून आलेला प्रत्येक जण त्यावर हात टेकवतो आणि पुढे सरकतो. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने हात टेकवून तो कपाळाला लावला. मागच्या कॅटलान आजींनी ते बघून मान डोलावली. दर्शनाची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. मठातल्या मुलांचं गायनपथक युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. ते साधारण दुपारी गातं, पण रोज नाही आणि शाळेच्या सुट्ट्यांत अजिबात नाही. त्यासाठी येत असाल तर मठाच्या संकेतस्थळावर वेळ बघूनच तारीख ठरवा.

गोव्याच्या वाचकांसाठी एक धागा. लोयोलाच्या इग्नेशियसने १५२२ मध्ये याच मूर्तीपुढे आपली तलवार ठेवली आणि इथून तो मान्रेसाच्या गुहेत जाऊन राहिला. पुढे त्याने जेझुइट संघ काढला, आणि त्याच्या पहिल्या सोबत्यांपैकी फ्रान्सिस झेवियरचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझुसमध्ये आहे. दोघांना संतपद मिळालं तेही एकाच दिवशी, १२ मार्च १६२२ ला. मान्रेसा याच आर-५ मार्गावर शेवटी आहे.

८. मोंसेरातशिवाय आणखी एकच मठ बघायचा असेल तर?

पोब्लेत. ११५० च्या सुमारास स्थापन झालेला सिस्टर्शियन पंथाचा मठ, १९९१ पासून जागतिक वारसा यादीत. आरागॉनच्या राजांच्या समाध्या इथे आहेत, मधल्या बसक्या कमानींवर तोलून धरल्यासारख्या. १८३५ मध्ये सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या तेव्हा तो ओस पडला आणि लुटला गेला. १९४० मध्ये भिक्षू परत आले, ते आजही राहतात. म्हणून तिथे हळू बोलायचं. जवळचं स्थानक लेस्प्लुगा दे फ्रांकोली, तिथून तीनेक किलोमीटर. पण गाड्या मोजक्या, त्यामुळे वाहन असलेलं बरं.

गाडी असेल तर त्याच दिवशी सांतेस क्रेउसही होतो. तिथे १८३५ नंतर भिक्षू परतले नाहीत, त्यामुळे स्वयंपाकघरापासून निजायच्या दालनापर्यंत सगळीकडे मोकळं फिरता येतं. पेरे राजाचं शव तिथे रोमन काळातल्या लाल पोर्फिरी दगडाच्या टबात ठेवलेलं आहे. होय, आंघोळीच्या.

शिल्पांची आवड असेल तर पोब्लेतऐवजी रिपोल. त्या मठाचा बाराव्या शतकातला दगडी दरवाजा म्हणजे बायबलच्या कथांची भिंतच आहे; वेरूळला कैलासाच्या भिंतीवर रामायण वाचत उभं राहतो तसं उभं राहावं लागतं. आणि नुसती जागा हवी असेल तर सांत पेरे दे रोदेस: समुद्रावर डोंगराच्या कुशीत, खाली काप दे क्रेउसचं टोक. तिथे गाडीनेच जा, किंवा एल पोर्त दे ला सेल्वाहून चढून. चढ खरोखरचा आहे.

९. कालेयात स्वस्त हॉटेल मिळालं. घेऊ का?

थांबा. कालेया दोन आहेत. एक बार्सिलोनाच्या ईशान्येला, लोकलच्या मार्गावर, लांबलचक वाळू आणि मोठमोठ्या हॉटेलांचं गाव. दुसरं ‘कालेया दे पालाफ्रुजेल’, कोस्ता ब्रावावरचं पांढऱ्या घरांचं कोळीवाड्याएवढं गाव, जिथे रेल्वे जात नाही. तुम्ही फोटोत पाहिलंत ते दुसरं, आणि स्वस्त मिळालं ते बहुधा पहिलं. पहिल्यात वाईट काही नाही, पण फोटोतल्या कमानी तिथे सापडणार नाहीत.

१०. किनाऱ्यावरचं एकच गाव निवडायचं तर कोणतं?

वाहन नसेल तर सिजेस. तटबंदी आवडत असेल तर तोसा दे मार. वाळूवरून थेट मध्ययुगीन बुरुजाखाली जाता येतं. चालायची हौस असेल तर कालेया दे पालाफ्रुजेलहून ल्याफ्रांककडे जाणारी ‘कामी दे रोंदा’ ही कड्याकडेची वाट. तस्करांवर नजर ठेवायला पहारेकरी ती वापरत. माझं मत कादाकेसला. डोंगर ओलांडून वळणावळणाने जावं लागतं, आणि म्हणूनच ते गाव अजून गाव राहिलंय. तिथे दिवसाची सहल करू नका, रात्र काढा. शेवटची बस गेल्यावर ते दिसायला लागतं.

शेजारच्या पोर्तलिगातमधलं दालीचं घर बघायचं तर वेळ आधी राखून ठेवा, कारण एका वेळी फार थोड्यांना आत सोडतात. फिगेरेसचं संग्रहालय त्याने स्वतः १९७४ मध्ये उघडलं आणि तिथेच त्याला पुरलंय. वेळ कमी असेल तर घर बघा. संग्रहालयात दाली दिसतो, घरात तो राहत होता हे दिसतं.

११. जिरोना की तारागोना? आणि तिकडे दहीहंडी असते हे खरं का?

जिरोना चालायला सुंदर: ओन्यार नदीवर झुकलेली रंगीत घरं, ‘काल्य’ ही जुनी ज्यू वस्ती (१४९२ च्या हद्दपारीनंतर रिकामी झालेली), तटावरून फिरण्याची वाट. कॅथेड्रलच्या आत मध्ये एकही खांब नाही. सुमारे २३ मीटर रुंदीचा तो सभामंडप गॉथिक इमारतींत जगातला सर्वांत रुंद आहे. एवढं छत तरेल का, या शंकेने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगावच्या बांधकाम-उस्तादांना बोलावून मत विचारलं होतं. नदीवरचा लाल लोखंडी पूल आयफेलच्या कंपनीचा, १८७७ चा, मनोऱ्याच्या आधीचा.

तारागोना रोमन: समुद्राकाठचं रंगमंडल, आणि गावाबाहेर पाणी आणणारा दुमजली कमानींचा पूल. शहर थोडं खरखरीत आहे, मला आवडतं.

दहीहंडीबद्दल: थर असतात, हंडी नसते. त्यांना ‘कास्तेल’ म्हणतात. उगम तारागोनाजवळच्या वाल्स भागातला, आणि २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. तळाची गर्दी म्हणजे ‘पिन्या’, टोकावर चढणारं लहान मूल म्हणजे ‘एन्शानेता’. ते वर पोचल्यावर हात उंचावतं आणि दुसऱ्या बाजूने उतरतं. आपल्याकडे हंडी फुटली की थर कोसळले तरी जल्लोष. इथे थर न कोसळता उतरवले तरच काम फत्ते. ग्राल्या नावाची सनईसारखी वाद्यं पूर्ण वेळ वाजत असतात, कारण तळाला मान खाली घालून उभ्या असलेल्यांना वर कुठवर पोचलं ते सुरांवरूनच कळतं. तारागोनात सांता तेक्लाच्या उत्सवात, २३ सप्टेंबरच्या आसपास, नक्की दिसतील. कमरेचा काळा पट्टा बांधताना बघायला मिळाला तर बघा. एक जण टोक धरतो, दुसरा गिरक्या घेत त्यात शिरतो, फेटा बांधावा तसा.

१२. दुपारी सगळं बंद होतं म्हणतात. जेवायचं कधी?

दुपारचं जेवण साधारण दीड ते साडेतीन, रात्रीचं साडेआठच्या पुढे. संध्याकाळी सहाला भूक लागली तर ब्रेड आणि कॉफीवर निभवा. छोट्या गावांत दुकानं दोन ते पाच बंद, रविवारी बहुतेक बंदच. कित्येक संग्रहालयं आणि मठ सोमवारी बंद असतात. म्हणून सोमवार समुद्राला द्या. आठवड्याच्या दिवसांत दुपारी ‘मेनू’ मागा. ठरावीक दरात दोन पदार्थ, गोड आणि पेय मिळतं, रात्रीच्या जेवणाच्या निम्म्यात.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण ‘मांस नको’ एवढ्याने भागत नाही. इथे ट्यूना आणि खारवलेली मासळी मांसात धरत नाहीत, आणि भाजीत डुकराचे तुकडे हे मसाल्यासारखे पडतात. म्हणा: ‘नो मेंझो कार्न नि पेश’, म्हणजे मी मांस आणि मासे खात नाही. अंडं नको तर पुढे ‘नि ओउस’ जोडा.

निर्धास्त मागवा ते ‘पा आंब तोमाकेत’, टोमॅटो चोळून तेल-मीठ घातलेला पाव. ‘एस्कालिवादा’ म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची. भरताचं चुलत भावंड, फक्त वर अँचोवी मासा नको असं सांगा. कॅटलान पद्धतीचा पालक मनुका-पाइन बिया घालून करतात, त्यात कुठेकुठे हॅम पडतो, विचारा. गोडात ‘क्रेमा कातालाना’त अंडं असतं, ‘मेल इ मातो’त नाही, ताजं पनीर आणि मध.

जानेवारीअखेर ते मार्चमध्ये आलात तर ‘काल्सोत’ सोडू नका. पातीच्या कांद्यासारखे लांब कांदे उघड्या जाळावर काळे होईपर्यंत भाजतात, वरचं साल ओढून काढायचं, बदाम-टोमॅटोच्या दाट सॉसमध्ये बुडवून मान वर करून तोंडात सोडायचे. गळ्यात लाळेरं बांधून देतात. आपल्या हुरडा पार्टीसारखं शेतावर, टोळक्याने. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांसाठी मात्र यातलं फार थोडं उरतं. त्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि बाजारातून भाजी आणावी.

१४. सोबत गुडघे दुखणारे आई-बाबा आहेत. काय टाळावं?

जिरोनाच्या कॅथेड्रलपुढच्या नव्वदेक पायऱ्या, कादाकेसच्या दगडगोट्यांच्या चढत्या गल्ल्या आणि सांत पेरे दे रोदेस. मोंसेरात रेल्वेने गेलात तर जमतं. सिजेसचा समुद्रकिनारी रस्ता सपाट आणि बाकांनी भरलेला. डोंगर हवा असेल तर नुरियाला न्या: रिबेसहून दात्यांची रेल्वे, १९३१ पासूनची, थेट पिरेनिज पर्वतातल्या १,९०० मीटरहून उंच दरीत नेते. मोटाररस्ताच नाही, त्यामुळे हॉर्न नाहीत. तिथल्या देवस्थानात एक जुनं मडकं आणि घंटा आहे. मूल व्हावं म्हणून मडक्यात डोकं घालून घंटा वाजवायची. नवस तो नवस, देश कुठलाही असो.

१५. बसने एका दिवसात अँडोरा करून येऊ का?

सिंगल एंट्री व्हिसा असेल तर नको. अँडोरा स्वतःचा व्हिसा मागत नाही, पण तो शेंगेनमध्ये नाही. तिकडे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत यायला दुसरी एंट्री लागते. विमानतळ मात्र तिथे नाही, म्हणजे सुटकेचा दुसरा रस्ताही नाही. जायचंच असेल तर अर्जातच मल्टिपल एंट्री मागा.

उलट ल्यिव्याला खुशाल जा. हे गाव चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेलं आहे, तरी स्पेनचं. १६५९ च्या तहात या भागातली ३३ ‘खेडी’ फ्रान्सला द्यायची ठरली. ल्यिव्या कागदोपत्री खेडं नव्हतं, नगर होतं, म्हणून राहून गेलं. दोन्हीकडे शेंगेनच, व्हिसाची अडचण नाही.

१६. हॉटेलने आधी पैसे घेऊन वर आणखी मागितले. फसवणूक आहे का?

बहुधा पर्यटन कर असावा. माणशी, रात्रीप्रमाणे, १७ वर्षांखालच्यांना माफ. ऑनलाइन दाखवलेल्या दरात तो सहसा नसतो. पावती मागा. खरी फसवणूक बार्सिलोनाच्या मेट्रोत आणि रांब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर होते, तीही खिशातून. संकटात ११२.

१७. बोईच्या खोऱ्यातली चर्चं बघायला इतक्या लांब जावं का? चित्रं तर बार्सिलोनात आहेत म्हणे.

आहेत. ताउलच्या सांत क्लिमेंत चर्चचा अभिषेक १० डिसेंबर ११२३ ला झाला, शेजारच्या सांता मारियाचा दुसऱ्या दिवशी. शंभरेक वर्षांपूर्वी परदेशी खरेदीदार पिरेनिजमधली भित्तिचित्रं विकत घेऊ लागले. मुरच्या चर्चमधलं चित्र खरंच बोस्टनला गेलं. तेव्हा १९१९ ते १९२३ च्या दरम्यान इथल्या संग्रहालय मंडळाने उरलेली चित्रं भिंतीवरून सोलवून घेतली: चित्रावर सरसाने कापड चिकटवायचं, वाळू द्यायचं आणि रंगाच्या थरासकट ओढायचं. ती आता मोंजुइकच्या टेकडीवरच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहेत, चर्चच्या आकाराच्याच पोकळ घुमटींत बसवलेली.

सांत क्लिमेंतमध्ये आता ठरावीक वेळी प्रकाशझोताने मूळ चित्र भिंतीवर उमटवतात. ते काही मिनिटं चालतं, मग दिवे जातात आणि उघडा दगड उरतो. बार्सिलोनाहून गाडीने चार तास, वर मुक्काम. दोन्ही करणार असाल तर खोरं आधी, संग्रहालय नंतर.